गाण्याला ३१ लाख व्ह्यू, हातात ७ हजार. गोंधळ्यानं आता करावं काय?

संबळवाला_मानवत

रामराम मंडळी. मी गोंधळी. वय २८, मानवतजवळच्या गावात राहतो, जिल्हा परभणी. आजा, बाप, दोघं चुलते आणि मी, सगळ्यांचं पोट संबळावर. लग्नसराईत महिन्याला पंधरा-सोळा जागरण-गोंधळ होतात. आषाढी झाली की काम बंद. मग नवरात्रापर्यंत दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये खुरपं घेऊन बसायचं.

२०२० ला लॉकडाऊनमध्ये अख्खी सराई गेली. त्या जूनमध्ये देवीचं एक गाणं केलं. शब्द माझे, चाल माझी. एका कंपनीच्या माणसाचा फोन आला. स्टुडिओचा खर्च त्यांनी केला, मला ७ हजार रोख दिले आणि स्टँपपेपरवर सही घेतली. घरात किराणा उधारीचा, वाचत कोण बसतंय. आज ते गाणं त्यांच्या चॅनलवर ३१ लाखांच्या पुढं गेलंय. स्पॉटिफाय, जिओसावन, सगळीकडं आहे. लोक हळदीत लावायलेत, रील करायलेत. पाथरीकडच्या एका लग्नात आम्ही चौक मांडत होतो, तेवढ्यात डीजेवाल्यानं माझंच गाणं माझ्यासमोर वाजवलं आणि मला विचारतो, "बुवा, हे येतं का तुम्हाला?"

मागच्या नवरात्रात मी तेच गाणं गोंधळात म्हणलं, भाच्यानं मोबाइलवर शूट केलं, माझ्या चॅनलवर टाकलं. दुसऱ्या दिवशी यूट्यूबची नोटीस, कॉपीराइटचा दावा. व्हिडिओ राहील, पण त्यावर जाहिरात लागली तर पैसा कंपनीला. माझे सबस्क्रायबर ३४०, त्यामुळं पैसा तसाही येणार नव्हता. पण आपल्याच तोंडच्या गाण्यावर दुसऱ्याचा दावा बघून जेवण गेलं नाही.

विचारायचं एवढंच की या जमान्यात गाण्या-वाजवण्यावर लोक जगतात तरी कसे? दाजी म्हणायलेत संबळ खुंटीला टांग आणि वाळूजच्या एमआयडीसीत लाग.

नुसताच_वाचतो

३१ लाख व्ह्यू म्हणजे ३१ लाख रुपये, असं आमच्या गल्लीत समजतात. उसने मागायला कोणी आलं नाही का अजून?

संबळवाला_मानवत

आलेत. दोघं.

डबिंगवाला_लातूर

माझा दहा बाय बाराच्या गाळ्यात स्टुडिओ आहे, भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवून सुरू केला होता. दर आठवड्याला कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका प्लेला अमुक इतके पैसे, असा दर कुठंच ठरलेला नसतो. महिनाभरात जाहिरातीतून आणि वर्गणीतून जो पैसा येतो तो एका हंड्यात पडतो. प्लॅटफॉर्म त्याचा हिस्सा काढून घेतो. उरलेला, एकूण प्लेमध्ये तुमचे किती हे बघून वाटला जातो. आपल्याकडं बहुतेक जण फुकटात, जाहिराती सोसत ऐकतात, त्यामुळं हंडाच लहान, आणि त्यात हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या पळ्या मोठ्या. स्पॉटिफायवर निदान ३० सेकंद ऐकलं तरच प्ले मोजला जातो. शिवाय २०२४ पासून त्यांनी नियम केला की मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले झाले नाहीत तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगचा पैसा नाही. गावाकडच्या निम्म्या गाण्यांचा निकाल तिथंच लागतो.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा पाहिजे तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचं बघणं लागतं. शॉर्ट्सवरून जायचं तर त्या तासांच्या जागी ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू.

आणि हा जो काही पैसा येतो तो पहिल्यांदा रेकॉर्डिंगच्या मालकाकडं जातो. रेकॉर्डिंग ज्यानं स्वतःच्या खर्चानं आणि जबाबदारीवर करून घेतलं, तो मालक. तुझ्या बाबतीत कंपनी. म्हणून मी आता पोरांना सांगतो, चार गोंधळांचे पैसे साठवा, स्वतः रेकॉर्ड करा, डिस्ट्रिब्यूटरकडून, म्हणजे गाणं सगळ्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, स्वतःच्या नावानं चढवा.

एक गोष्ट मात्र मला सांगायला जड जाते. ते ३० सेकंद. गोंधळाच्या गाण्यात आधी सगळ्या देवांना आवतण असतं, तुळजापूर, माहूर, जेजुरी करत दीड मिनिट त्यातच जातं. तोवर ऐकणारा पुढं सरकलेला असतो. मी म्हणतो, आवतण शेवटी घ्या. शिव्या खातो.

पेटीमास्तर_अंबाजोगाई

शिव्या खाल्ल्याच पाहिजेत. आवतण शेवटी घेतलं तर देवी येणार कधी, पाहुणे हात धुऊन उठल्यावर?

मानवतकर, मी ६१ वर्षांचा. चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. तुझे ७ हजार वाचून मला हसू आलं, राग मानू नकोस. १९९४ साली मला एका अख्ख्या कॅसेटचे ४०० मिळाले होते, वर एक जेवण. कव्हरवर देवीचा फोटो, गायकाचा फोटो आणि कॅसेटवाल्या मालकाच्या वडिलांचा फोटो. मी 'व इतर' मध्ये. ती कॅसेट परळीच्या स्टँडवर आणि तुळजापूरला देवळाच्या वाटेवर कित्येक वर्षं वाजत होती, मी एसटीतून ऐकत जायचो. तेव्हा पूर्वी कलावंताला लई बरे दिवस होते असं कोणी सांगितलं तर मान हलव आणि सोडून दे.

जगतात कसे, हे विचारलंस म्हणून मागच्या वर्षाची डायरीच काढून बसलोय. मी सगळं लिहितो, बायकोची सक्ती आहे.

सर्वांत मोठा आकडा सप्ताहांचा. वर्षात ९ सप्ताह केले, सात दिवस पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत साथ, प्रत्येकी ९ हजार. (कीर्तनकार महाराजांची एका रात्रीची बिदागी इथं लिहीत नाही. त्यांचाही डिझेलचा खर्च असतो.) घरी १४ पोरं शिकायला येतात, महिन्याला ५०० देतात, वर्षातले दहा महिने. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं, सहा शाळांचे ४२ हजार आले, त्यात समूहगीतं बसवताना घसा गेला तो वेगळा. पेट्या दुरुस्त करतो, भाता बदलणं, सूर लावणं, त्याचे ३० हजार. स्टुडिओत साथीला ११ वेळा गेलो, दोन हजारांप्रमाणे. आणि स्पॉटिफाय वगैरे सगळ्यांचे मिळून १,१०६ रुपये. माझी अभंगांची एक मालिका आहे तिथं, नातवानं चढवून दिली. ३८,४१२ प्ले झाले. तालुक्याएवढ्या लोकांनी ऐकलं म्हणून मी पेढे वाटले होते, पेढ्यांनाच १,४०० लागले.

पण एक नोंद मुद्दाम मागं ठेवली. ऑनलाइन शिकवणी, ७२ हजार. दोनच विद्यार्थी. एक बाई अमेरिकेत न्यू जर्सीला, माहेर बीडचं. तिनं यूट्यूबवर माझा तीन मिनिटांचा व्हिडिओ बघितला, भैरवीत बोटं कशी फिरवावीत एवढंच त्यात आहे, मागं आमच्या मांजरीचा आवाजही आलाय. त्या व्हिडिओला २,१०० व्ह्यू आहेत. दोन हजार शंभर. खाली माझा नंबर लिहिलेला होता, तिनं फोन केला. दुसरा विद्यार्थी तिच्याच ओळखीचा.

आता तुझ्याकडं येतो. तू गाण्याचं नाव सांगितलं नाहीस, पण देवीचं गाणं, संबळ, ३१ लाख, मला पाच मिनिटांत सापडलं. गाणं चांगलं आहे. दुसऱ्या कडव्याला तू जो ठेका मोडून परत धरलास ना, तिथं मी थांबून पुन्हा ऐकलं. मग खाली बघितलं. 'कार्यक्रमासाठी संपर्क' म्हणून नंबर आहे तो कंपनीचा. तुझं नाव चौथ्या ओळीत, तेही 'अधिक पहा' दाबल्यावर. म्हणजे ३१ लाखांतल्या कोणाला वाटलं की पोरीच्या लग्नात हाच गोंधळी पाहिजे, तर फोन जातो कंपनीला, आणि कंपनी पाठवते दुसऱ्याच पार्टीला. जाहिरातीच्या पैशापेक्षा मला हे जास्त लागलं. सराईत अशा दहा सुपाऱ्या हुकल्या तरी बघ हिशोब.

तुझ्या चॅनलवर पहिली ओळ तुझ्या नंबरची टाक. गोंधळ संपल्यावर यजमानाला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांचा तुकडा पाठव, त्यांच्याच अंगणातला, कुळाच्या नावासकट. तो त्यांच्या सगळ्या भावकीत फिरतो. सुपारी घेताना निम्मा इसार आधी. आणि वडील पन्नाशीच्या पुढं असतील तर ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचा सरकारी अर्ज भर, आता महिन्याला ५ हजार आहेत. जुनी पत्रकं, फोटो, पेपरातली कात्रणं जमवायला लाग.

एमआयडीसीचं मी काही बोलत नाही. माझा थोरला वाळूजलाच आहे, बरा आहे.

लेखणी_नांदेड

मास्तर, पेढ्यांचा हिशोब वाचून डोळ्यांत पाणी आलं, हसून.

दादा, मी भीमगीतं लिहिते. १४ एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आमच्या गायन पार्ट्यांना झोप नसते. १४ जानेवारीला नामविस्तार दिनाला संभाजीनगरला विद्यापीठ गेटवर रात्रभर जी गाणी चालतात, त्यातली दोन-तीन माझी असतात. गाणारा स्टेजवरून माझं नाव घेतो, कधी घेत नाही. पैसा गाणाऱ्याला, टाळ्याही त्यालाच. तक्रार नाही, गळा त्याचा आहे. पण कागद मी शिकून घेतलाय.

गाण्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक रेकॉर्डिंग, त्याचं वर लातूरच्या दादांनी सांगितलं. दुसरी म्हणजे शब्द आणि चाल. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून लिहिणाऱ्यानं आणि चाल बांधणाऱ्यानं 'सर्व हक्क दिले' अशी सही केली, तरी रॉयल्टीतला त्याचा बरोबरीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. सोडलाय असं लिहून घेतलं तरी ते चालत नाही. हा वाटा गोळा करून देणारी संस्था म्हणजे मुंबईची आयपीआरएस. तिथं गीतकार आणि संगीतकार सभासद होतात. तू दोन्ही आहेस. पॅन, बँकेचं पासबुक आणि गाण्यांची यादी लागते, कोणत्या गाण्यात कोणाचा किती टक्के वाटा तेही लिहावं लागतं. मला पहिल्या खेपेला ६४० रुपये आले. पुढच्या वर्षी थोडे वाढले. ऊस लावून तोडीची वाट बघण्यासारखं आहे, पण बांध आपला राहतो.

मात्र आजा-पणजाची पारंपरिक गाणी स्वतःच्या नावावर लावू नको. ती सगळ्यांची आहेत. तू स्वतः रेकॉर्ड केलंस तर तेवढं रेकॉर्डिंग तुझं.

आता कामाचा प्रश्न. त्या स्टँपपेपरवर मुदत किती वर्षांची लिहिलीय?

संबळवाला_मानवत

ताई, दोन दिवस शोधला. आईनं देवीच्या परडीखाली ठेवला होता, हळद लागलीय. त्यात असं आहे: 'सदर गीताचे शब्द व चाल यांचे हक्क .......... वर्षांकरिता कंपनीस देण्यात येत आहेत.'

तिथं नुसती टिंबं आहेत. आकडा भरलेलाच नाही. खाली माझी सही, त्यांची सही, तारीख १९ जून २०२०.

लेखणी_नांदेड

दादा, शांत बस आणि हे वाच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, कराराच्या तारखेपासून. कलम १९. तुझी ५ वर्षं जून २०२५ लाच भरली. त्यांनी केलेलं रेकॉर्डिंग त्यांचंच राहील, तो ३१ लाखांचा व्हिडिओ तुझा होणार नाही. पण शब्द आणि चाल तुझ्याकडं परत आल्या असं मला दिसतंय. वकिलाला दाखव. एकदा त्यानं हो म्हणलं की तेच गाणं तू नव्यानं रेकॉर्ड करून स्वतःच्या नावानं काढू शकतोस. यूट्यूबवर पुन्हा दावा येईल, यंत्राला कायदा कळत नाही. तेव्हा हाच कागद दाखवून हरकत घ्यायची.

डबिंगवाला_लातूर

रेकॉर्डिंगला माझ्याकडं ये. मायक्रोफोन आणि वेळ माझ्याकडून, वादकांचं तू बघ. आवतण पहिल्यालाच घेऊ, च्यायला.

पेटीमास्तर_अंबाजोगाई

पेटीला मी. जाण्यायेण्याचं भाडं दे फक्त. आणि 'व इतर' लिहिलंत तर बघा.

त्या कागदाला लॅमिनेशन करू नकोस. आमच्या एका शाहिरानं केलं होतं, शिक्क्याची शाई उडाली. हळद राहू दे तशीच.

नुसताच_वाचतो

टिंबं रिकामी ठेवणारा कंपनीचा तो कारकून कोण होता, त्याला एक नारळ द्या माझ्याकडून.

संबळवाला_मानवत

सोमवारी परभणीला कोर्टात चाललोय, चुलत्याच्या ओळखीचे एक वकील आहेत. रविवारी सेलूकडं एक गोंधळ आलाय, सराई नसताना, नवस फेडायचा आहे म्हणं. दोन दिवसांच्या भुरभुरीनं संबळाचं चामडं उतरलंय, आई चुलीपुढं धरून शेकायली. इसार मागितला. लाजत मागितला, पण दिला त्यांनी.