फाल्गुनातले अंगण: रत्नागिरी आणि पैठण

रत्नागिरीतील सुरंगीच्या फुलांचा दरवळ, शिमग्याची पालखी आणि अंगणात रात्री उशिरापर्यंत रंगणारे नमन-खेळे (कोकणातील लोकनाट्य) यांविषयी रत्नागिरीच्या एका वाचकाने जे लिहिले आहे, त्याला परभणीकडच्या माणसाची ही छोटीशी पुरवणी. त्याच फाल्गुनात आमच्याकडे पळस पेटलेला असतो, मोहाची फुले पहाटे गळू लागतात आणि वद्य षष्ठीला, म्हणजे होळीनंतर सहाव्या दिवशी, पैठणला नाथषष्ठीसाठी गोदाकाठी दिंड्या जमतात. एकनाथांनी १५९९ मध्ये याच तिथीला देह ठेवला.

नमनातील गण-गवळण पाहताना मला नेहमी नाथांची भारुडे आठवतात. दोन्हींत सोंग आहे, थट्टा आहे आणि प्रेक्षक हा पाहुणा नसून घरचाच माणूस आहे. फरक हवेचा. तुमच्याकडे दुपारी समुद्रावरून खारे वारे आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात, तरी दमटपणा अंगाला चिकटून राहतो. आमची कोरडी जमीन मात्र सूर्य मावळताच भराभर निवते, म्हणून उघड्यावरचा खेळ रात्रीच सुखाचा होतो. (दुपारी बसून पाहणाऱ्यास माझा नमस्कार.) रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहातील नमनाच्या प्रयोगांचे तुम्ही केलेले कौतुक रास्तच आहे, तथापि नमन बंदिस्त रंगमंचावर नेले की पालखीशी असलेले त्याचे नाते सैल होते, असे माझे मत आहे.