बळी, युद्धग्रस्त की युद्धपीडित?

नाशिकरोडची बाई
१२ ऑगस्टला शाळेच्या फळ्यावर जिनिव्हा करारांविषयी, म्हणजे युद्धात जखमी, कैदी, सामान्य माणसं यांना कसं वागवायचं याच्या करारांविषयी लिहायचं आहे (१९४९ साली याच तारखेला चारही करार झाले). नववीतल्या मुलीने मथळा काढला, 'युद्धातील बळींचे संरक्षण करणाऱ्या संस्था'. शेजारची लगेच म्हणाली, "बाई, बळी तर गेला ना, मग संरक्षण कोणाचं?" मला उत्तर देता आलं नाही. 'अपघातात तीन बळी' वाचलं की तिघे दगावले असंच आपण समजतो. रेडक्रॉसचं बहुतेक काम मात्र जगलेल्यांसाठी असतं. जखमी, कैदी, घरदार सुटलेली माणसं. यांना काय म्हणावं?

पंचवटीकर
बाई, 'आमिषाला बळी पडला' यातला माणूस जिवंतच असतो. पण तिथे त्याचीही थोडी चूक होती असं ध्वनित होतं, आणि बॉम्बच्या आवाजाने लेकरू कडेवर घेऊन पळालेल्या बाईची कसली चूक?
'युद्धग्रस्त' घ्या. २०१६ ला गंगेचा (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या वर गेला तेव्हा पंचनाम्यात आम्ही 'पूरग्रस्त' होतो. पाणी ओसरल्यावर ओटा धुतला, भांडी उन्हात मांडली. ग्रस्त म्हणजे गिळलेला, 'खग्रास'मध्ये तोच धातू आहे. आणि ग्रहण सुटतं, हे रामकुंडावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. 'बळी'मध्ये सुटण्याची सोयच नाही.

सिडकोवासी
'युद्धपीडित' चूक नाही. पण बातम्यांमुळे 'पीडिता' एकाच गुन्ह्याला चिकटलाय, मुलांच्या फळ्यावर नको.

देवळाली कॅम्प
मला 'संरक्षण'च खटकतं. आमच्याकडे स्कूल ऑफ आर्टिलरी, त्यामुळे संरक्षण म्हटलं की तोफाच डोळ्यांपुढे येतात. रेडक्रॉसच्या माणसाकडे हत्यार नसतं. तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार तो छावणीत जाऊन कैद्याशी एकट्याने, पहारेकऱ्याविना बोलू शकतो. कैदी छावणीत आला की आठवड्याभरात त्याला कार्डं भरता आली पाहिजेत, एक घरी जातं, एक जिनिव्हाच्या नोंदीत. नाव नोंदलं गेलं की माणूस गुपचूप नाहीसा करणं अवघड होतं. याला जुना शब्द आहे, 'अभय'.
आणि 'युद्धबंदी' लिहू नका. निम्मे लोक लढाई थांबली असं वाचतील. सरळ 'युद्धकैदी' लिहा.

नाशिकरोडची बाई
'अभय' फार आवडला. पण अभय देतो कोण? ज्याच्या हाती तलवार, तोच. पूर्वीची अभयपत्रं राजाच्या शिक्क्याने निघत. रेडक्रॉसची कल्पना मांडणाऱ्या आंरी द्युनांपाशी कसला शिक्का? १८५९ च्या जूनमध्ये इटलीत सोल्फेरिनोची लढाई संपल्यावर कास्तिल्योने गावच्या चर्चमध्ये त्यांच्यासोबत जखमींना पाणी पाजायला आणि पट्ट्या बांधायला गावातल्या बायका होत्या. दोन्ही बाजूंचे शिपाई शेजारी शेजारी पडलेले, आणि त्या म्हणत होत्या, सगळे भाऊच. पुढे १८६३ ला रेडक्रॉसची समिती आणि १८६४ ला पहिला जिनिव्हा करार झाला, तो त्या बायकांनी केलं ते सरकारांकडून कबूल करून घ्यायला. म्हणून 'अभय देणाऱ्या' लिहिलं तर खोटं होईल. 'मिळवून देणाऱ्या' लिहायला हवं.

पंचवटीकर
पटलं. या क्रियापदात खेटे घालणं आलं, विनवणी आली, नकार ऐकून परत जाणं आलं.

नाशिकरोडची बाई
मुलींना दोन्ही शब्द सांगितले. मथळा ठरला, 'युद्धग्रस्तांना अभय मिळवून देणाऱ्या संस्था'. जिने प्रश्न विचारला होता ती खाली रंगीत खडूने कैद्याचं कार्ड काढणार आहे. नाव, जन्मतारीख, तब्येत, घरचा पत्ता. पत्त्याची ओळ तिने सगळ्यात लांब आखली आहे.