मदत हवी आहे: .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल?

नमस्कार. मला नुकताच स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना मिळाला असून खरेदीपूर्वी अनुभवी परवानाधारकांचे मत हवे आहे. ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या व्यासात) मोडत असल्याने तो विचार बाजूला ठेवला. .२२ सरावाला उत्तम, धक्का नगण्य, पण संरक्षणासाठी ते मला अपुरे वाटते.

खरा पेच .३२ मध्येच आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस लागते, तर देशी बनावटीच्या ‘अशनी’ पिस्तुलाला .३२ एसीपी; आकडा एकच असला तरी ही काडतुसे एकमेकांच्या जागी वापरायची नसतात, हे मलाही उशिराच कळले. पहिल्याची गोळी साधारण ९८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक), दुसऱ्याची ७१ ग्रेनची असते.

रेंजवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्ही चालवून पाहिली. रिव्हॉल्व्हरचा चाप थेट ओढताना माझी नळी डावीकडे ढळते, आधी घोडा चढवला की नेम बसतो. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मात्र संधिवाताने आखडलेल्या अंगठ्यामुळे पूर्ण मागे खेचली जात नाही. अशा हातासाठी रिव्हॉल्व्हरच योग्य ठरेल का? दिवसभर कमरेला बाळगताना त्याचा फुगीर सिलिंडर कितपत अडचणीचा होतो, आणि सरावाइतकी काडतुसे या दोहोंपैकी कोणत्या प्रकारात नियमित मिळतात?