मदत हवी आहे : आखेनहून शनिवार-रविवारची सहल

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याचे, आमचा मुलगा जर्मनीत आखेन येथे शिकतो आणि येत्या शनिवार-रविवारी मित्रांसह कोलोनचे कॅथीड्रल व बेल्जियममधील ब्रुज पाहण्याचा त्याचा बेत आहे. दोन्ही गावे आखेनच्या विरुद्ध दिशांना, म्हणजे आपण वेंगुर्ल्याहून आधी रत्नागिरी आणि मग पणजी करावी तसे. त्यातच कॅथीड्रलच्या मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढून त्याच रात्री ब्रुज गाठणे मला दगदगीचे वाटते. त्याचे डॉइचलांड-तिकीट (जर्मनीभर चालणारा मासिक पास) प्रादेशिक गाड्यांतच चालते, आयसीई या जलद गाड्यांत नाही. जर्मन निवास परवान्यावर बेल्जियमला जाता येते, परंतु सोबत पासपोर्ट बाळगायला चिरंजीव कंटाळतात. गाडीत पासपोर्टची तपासणी होते का? एकच ठिकाण करायचे झाल्यास कोणते, हे तिकडे राहिलेल्यांनी कृपया सांगावे.