मे महिन्यात काय करत होतास रे?
"बारावीच्या पोराने नोकरीच्या बायोडेटात लिहायचं काय, अनुभव तर शून्य," असं एकाने विचारलंय म्हणून लिहितो. माझ्या भाच्यानेही अनुभवाच्या रकान्यात 'निरंक' लिहून ठेवलं होतं. मी विचारलं, मे महिन्यात काय करत होतास रे? तर म्हणे, "काय नाय मामा, बागेतच होतंय." आम्ही देवगडकडचे. खोदून विचारल्यावर कळलं, हापूस वजनाप्रमाणे निवडायचा, पेंढा घालून पेट्या भरायच्या, पुण्याच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी व्हॉट्सॅपवर घ्यायच्या, यूपीआयने आलेले पैसे वहीशी ताडून बघायचे. हे निरंक? मग लिहिलं: 'एप्रिल-मे, घरची आंबा बाग: प्रतवारी, पॅकिंग, ऑर्डरी व हिशेब.' पेट्यांचा आकडाही टाका, पण वहीत असेल तोच. फुगवलेला आकडा मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

एमएस-सीआयटी, एनसीसी असेल तर वर घ्या. धर्म, जात, उंची ही लग्नाच्या बायोडेटातली भरती काढून टाका. एक पान पुरे. आणि ईमेल 'कोकणचा राजा' छापाचा असेल तर नवीन उघडा. भाच्याचा तसाच होता, कसाबसा बदलायला लावला.