जर्मनीत फी नाही, मग हे ११,९०४ युरो कशाचे?

सोयाबीन_लातूर: मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला हाय. जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नाही, असं सांगून बाबांना कसंबसं तयार केलं. आता एजंट म्हणतो, खात्यात ११,९०४ युरो दाखवा. बाबा म्हणले, "फुकट हाय ना, मग हे कायचे?" एजंट फसवायलाय का?

परभणीकर_आखेन: आकडा खरा आहे गड्या. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. पैसे तुझेच, वर्षभराच्या राहण्या-खाण्याच्या खर्चाचे; इथं आल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. फीचं म्हणशील तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, तेवढं बघून अर्ज कर. एपीएस सर्टिफिकेट (आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याचा दाखला) आधी काढ. एजंटची गरज नाही, मी सगळं घरी बसून भरलं (लाइट असेल तेव्हा).

आणि कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन शिकच. पहिल्या रविवारी मी पिशवी घेऊन निघालो, तर सगळी दुकानं बंद! मग मायनं बांधून दिलेलं जवारीचं पीठ काढलं. शेजारची पोलंडची पोरगी भाकर थापताना बघतच राहिली. पुढच्या रविवारी तिनं पिएरोगी शिकवले. बटाट्याच्या करंज्याच की!

नांदेडची_पोरगी: इरास्मस मुंडुस (युरोपियन युनियनचे मास्टर्स कोर्स) पण बघ. किमान दोन देशांत शिक्षण, स्कॉलरशिप महिना १,४०० युरो. चुरस लई असती.

सोयाबीन_लातूर: बाबांना ९९२ वालं समजावलं. म्हणले, "मंग ही तर एफडीच झाली की."