घोजाडांग्याला कांद्याच्या गाड्या थांबतात, वेळ नेमका कुठे जातो?

कांदाचाळ:
नाशिकहून बांगलादेशात कांदा पाठवताना प्रवासाला चार-पाच दिवस लागतात आणि कधी कधी तेवढेच दिवस गाडी घोजाडांग्याला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या सीमेवरच्या कस्टम्स ठाण्यावर, उभी राहते. एजंटला विचारलं की "लाइन आहे" एवढंच उत्तर येतं. तोवर हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचं भाडं, चढतं आणि खालच्या थरातल्या गोण्या ओलसर व्हायला लागतात. ही लाइन नेमकी कशाची? त्यातलं इथे बसून काय टाळता येईल? माल लाल कांदा, ५० किलोच्या गोण्या, बारा चाकी गाडी, पैसे एलसीवर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर.

बिल्टी_बुक:
लाइन एक नसते. आधी गाडीचा नंबर लागायचा, मग आपल्या कस्टम्सची परवानगी, मग पलीकडे बांगलादेशातल्या भोमऱ्यात गाडी रिकामी व्हायची. आपल्या गाड्या पलीकडच्या यार्डात माल उतरवून परत येतात, त्यामुळे तिथे उतरवणं मंदावलं की इकडची रांग आपोआप वाढते. हा शेवटचा भाग आपल्या हातात नाही. पहिले दोन बऱ्याच अंशी आहेत.

एजंटला "गाडी कुठे आहे" असं विचारू नका. तीन नेमके प्रश्न विचारा: स्लॉट (सीमा ओलांडायची ठरलेली वेळ) कुठल्या तारखेचा आहे? शिपिंग बिलाचा (कस्टम्सकडे दाखल करायच्या निर्यात अर्जाचा) नंबर काय? लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (माल बाहेर न्यायची कस्टम्सची अंतिम परवानगी) झाली का? स्लॉट पश्चिम बंगाल सरकारच्या 'सुविधा' पोर्टलवर वाहन क्रमांकाने नोंदवला जातो. म्हणजे गाडीचा नंबर पक्का झाल्याशिवाय तो घेता येत नाही, आणि वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर स्लॉटसकट जिथे जिथे जुना नंबर आहे ती कागदं दुरुस्त करावी लागतात. पासिंग, इन्शुरन्स, टायर बघूनच गाडी घ्या. भाड्यात वाचवलेले पैसे हॉल्टिंगमध्ये जातात.

शिपिंग बिल मात्र गाडी पोचायच्या आधी दाखल करता येतं. गाडी कोलकात्याजवळ आल्यावर कागद पाठवणारे बरेच आहेत, तिथेच एक-दोन दिवस जातात.

एडी_कोड:
वरच्यात एक मोठी गोष्ट राहिली. बँकेचा एडी कोड, म्हणजे निर्यातीचे पैसे ज्या शाखेत येणार तिचा क्रमांक, प्रत्येक कस्टम्स ठाण्यासाठी वेगळा नोंदवावा लागतो. न्हावाशेव्याला नोंदवलेला कोड घोजाडांग्याला चालत नाही, आणि कोड नसेल तर शिपिंग बिल पुढे सरकत नाही. पहिल्यांदाच जमिनीच्या मार्गाने पाठवणारे इथे हमखास अडकतात. एखाद्या वेळी घोजाडांगा तुंबलं म्हणून महदीपूर किंवा हिली या दुसऱ्या सीमा ठाण्यांकडे वळायचं मनात असेल, तर तिथलाही कोड आत्ताच आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवून ठेवा.

नुसता कोड असूनही भागत नाही. एलसीत आणि तिकडच्या आयात परवान्यात, म्हणजे आयपीमध्ये, प्रवेशाचं ठिकाण लिहिलेलं असतं. तिथे भोमरा असेल तर गाडी महदीपूरसमोरच्या सोनामस्जिदकडे वळवण्याआधी दुरुस्ती करून घ्यावी लागते. तिकडच्या बँका शुक्रवार-शनिवार बंद, आपल्या रविवारी. दोन्हीकडच्या बँका एकाच दिवशी उघड्या असतात त्या सोमवार ते गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी चूक सापडली की सोमवार उजाडतो.

फायटोवर, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावर, आयपी क्रमांक, गोण्यांची संख्या आणि निव्वळ वजन इन्व्हॉइसशी तंतोतंत जुळलं पाहिजे. निव्वळ आणि ढोबळ वजनाचा घोळ फार होतो. ४०० गोण्या × ५० किलो म्हणजे निव्वळ २०,००० किलो. ज्यूटची गोणी ६०० ग्रॅमची धरली तर बारदान २४० किलो, ढोबळ २०,२४०. काही जण दोन्ही रकान्यांत २०,००० लिहितात, मग काट्यावर प्रश्न निघतात. शिवाय वाटेत कांद्याचं पाणी उडून वजन घटतं, ते वेगळंच. म्हणून भरल्यावरची काट्याची पावती कागदांसोबत ठेवा.

रांगडा:
कांद्यात रांगेचा खरा धोका सडण्यापेक्षाही सरकारी अधिसूचनेचा असतो, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. निर्यात शुल्काचा दर ठरतो तो लेट एक्स्पोर्ट ऑर्डरच्या तारखेला. कस्टम्स कायद्याचं कलम १६ तसं स्पष्ट सांगतं. इन्व्हॉइस, बिल्टी (ट्रकवाल्याची मालाची पावती), एलसी यांच्या तारखांना तिथे अर्थ नाही. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क लागलं, तेव्हा ऑर्डर न झालेला माल रांगेत असला तरी नव्या दरात गेला.

निर्यातबंदीचं गणित थोडं वेगळं. ८ डिसेंबर २०२३ च्या बंदीत, अधिसूचनेआधी कस्टम्सच्या ताब्यात दिलेला आणि त्यांच्या सिस्टीममध्ये नोंदलेला माल सोडण्याची तरतूद होती. बाहेर रस्त्यावर उभी असलेली गाडी त्यात बसत नाही. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झालं, पण भाव चढायला लागले की हा धोका पुन्हा धरून चाला आणि त्या दिवसांत एका वेळी कमी गाड्या सोडा. खरेदीदाराशी करार करतानाच नवं शुल्क लागलं तर ते कोण भरणार, हे लिहून घ्या.

कांदाचाळ:
शुल्काचं हे माहीत नव्हतं, आभार. गाडी कुठल्या वारी सोडावी? आणि रांगेत माल टिकवायला काय करता येईल?

बिल्टी_बुक:
शुक्रवारी पलीकडे सुट्टी, त्यामुळे शनिवारी गर्दी उसळते. गाडी रविवारी रात्री किंवा सोमवारी पोचेल अशी, म्हणजे बुधवारी-गुरुवारी सोडा. ईद आणि दुर्गापूजेला व्यवहार सलग काही दिवस बंद राहतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात लाल कांदा पाठवूच नये असं माझं ठाम मत आहे.

मालाचं म्हणाल तर मान बारीक आणि पूर्ण सुकलेली असलेलंच वक्कल, म्हणजे मालाचा लॉट, घ्या. जाड मानेचा कांदा आधी सडतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. ज्यूटऐवजी जाळीची गोणी वापरा. तळाला लाकडी फळ्या टाका, म्हणजे खालून हवा फिरते. ताडपत्री थेट गोण्यांवर ताणू नका, मध्ये बांबू आडवे टाकून वीतभर पोकळी ठेवा. कांदा श्वास घेतो, त्याची वाफ ताडपत्रीला लागून थेंब होऊन परत खाली पडते. तुमचा ओलावा बहुधा तोच. पाऊस नसेल तेव्हा दोन्ही बाजूंची ताडपत्री वर गुंडाळायला ड्रायव्हरला सांगा आणि त्याचे वेगळे पैसे ठरवा, नाहीतर तो करणार नाही.

रांगडा:
गाडी निघाली की लगेच पुढच्या दिवसांचा हवामान अंदाज ड्रायव्हरला कळवत राहा. गुंडाळलेल्या ताडपत्रीवर रात्री सर आली तर वरचे दोन थर जातात.